केंद्र कोरडं, कलमं भिजलेली

आंब्याच्या विम्याची मुदत जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘कोकणी माणसाला विम्याचं महत्त्वच कळत नाही.’ २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यांनाही हा विमा ऐच्छिक झाला, तेव्हापासून तर ते जास्तच ऐकू येतं. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. विमा न काढणं हा पुष्कळदा अडाणीपणा नसतो, तो चोख हिशेब असतो, आणि अर्थशास्त्रातलं अलीकडचं संशोधन हेच सांगतं.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात तुमच्या बागेत येऊन गळलेला मोहोर कुणी मोजत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान किंवा जोराचा वारा नोंदला गेला, तर मंडळातल्या सर्व विमाधारकांना भरपाई मिळते. नोंद नाही, तर कुणालाच नाही. यात सोयही आहे. झाडन् झाड तपासायला नको आणि वशिल्याला वाव नाही.

अडचण आपल्या भूगोलाची आहे. आषाढातला पाऊस तालुकाभर लागतो, पण मोहोराच्या दिवसांतला अवकाळी पाऊस एखाद्या ढगापुरता असतो. एका वाडीत मोहोर धुऊन निघतो आणि खाडीपलीकडे धूळही भिजत नाही. थंडीचंही तसंच. रात्री गार झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचते. म्हणून सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, कलमं आणि खाली व्हाळाकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, कलमं एकाच गावात असूनही वेगळ्या हवेत असतात. केंद्र मात्र एकाच जागी उभं असतं.

आता हिशेब. समजा, एका बागेचं चांगल्या वर्षाचं उत्पन्न ३ लाख आणि वाईट वर्षाचं १ लाख. विम्याचा हप्ता २० हजार, भरपाई दीड लाख. वर्ष चांगलं गेलं आणि भरपाई नाही, तर हाती २ लाख ८० हजार. वर्ष वाईट आणि भरपाई मिळाली, तर २ लाख ३० हजार, म्हणजे विम्याने काम केलं. वर्ष चांगलं असूनही केंद्रावर पाऊस नोंदला गेला, तर ४ लाख ३० हजार. चौथी शक्यता बघा: मोहोर गेला, केंद्रावर नोंद नाही. हाती उरले ८० हजार. विमा नसता तर १ लाख उरले असते. ज्या वर्षाच्या भीतीने विमा काढला, तेच वर्ष विम्यामुळे आणखी वाईट झालं.

अर्थतज्ज्ञ डॅनियल क्लार्क यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हे गणिताने मांडलं. साध्या विम्यात माणूस जितका सावध, तितका तो जास्त विमा घेतो. अशा निर्देशांकी विम्यात, म्हणजे बागेतलं नुकसान न मोजता केंद्राच्या नोंदीवर भरपाई ठरवणाऱ्या विम्यात, सावधपणाबरोबर मागणी आधी वाढते आणि मग घटते. ज्याला सर्वांत वाईट वर्ष अजिबात परवडणारं नाही, तो शहाणपणानेच मागे राहतो. लहान बागायतदार नेमका हाच.

‘आता उपग्रह आणि ड्रोन सगळं सोडवतील’ ही जाहिरात मला पटत नाही. आंबा सदाहरित आहे. मोहोर करपला, तुडतुड्यांनी रस शोषून वाळवला, तरी वरून झाड हिरवंगारच दिसतं.

मग उपाय? केंद्रं जवळ आणणं हा पहिला. मुश्फिक मोबारक आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात केंद्र जितकं दूर, तितकी विम्याची मागणी कमी दिसली. पण जिथे जातभाई एकमेकांचं वैयक्तिक नुकसान सावरून घेतात, तिथे या अंतराचा फटका कमी बसला. केंद्र चुकलं तर भावकी धावते. इथिओपियात अंत्यविधीसाठी वर्गणी जमवणारी ‘इद्दिर’ नावाची मंडळं आहेत. त्यांच्या प्रमुखांना, गटातल्या गटात नुकसान वाटून घेण्याच्या दृष्टीने विमा समजावून सांगितल्यावर सभासदांची मागणी वाढली. तो प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोकणात भावकी आहे, वाडीची मंडळं आहेत, विकास सोसायट्या आहेत. हा विमा सोसायटीच्या नावावर द्यावा, भरपाईतला ठरावीक हिस्सा केंद्राच्या नोंदीतून सुटलेल्या बागांसाठी राखावा, आणि कुणाची बाग खरंच गेली हे शेजाऱ्यांनीच ठरवावं. देवगड किंवा राजापूरसारख्या एखाद्या तालुक्यात, निम्म्या सोसायट्यांत ही पद्धत आणि निम्म्यांत जुनीच ठेवून, तीन-चार हंगाम हे ताडून पाहायला हवं.