सापळ्यातील आयनांच्या बेल अवस्था ओळखणे

दोन क्यूबिटांच्या (क्वांटम माहितीच्या एककांच्या) चार मूळ गुंफित, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या, अवस्थांना बेल अवस्था म्हणतात: फाय-अधिक, फाय-वजा, साय-अधिक, साय-वजा. विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात धरलेल्या आयनांवर त्या वेगळ्या ओळखण्याच्या पद्धती चांगल्या विकसित झाल्या आहेत. कॅल्शियम-४० मध्ये ४एस आणि ३डी-५/२ या दोन ऊर्जापातळ्यांचा क्यूबिट करतात. त्यांच्यातली ये-जा ७२९ नॅनोमीटरचा लेसर घडवतो. वाचन ३९७ नॅनोमीटरच्या प्रकाशाने होते. एस पातळीतला आयन चकाकतो, डीमधला काळा राहतो. सोबत ८६६ नॅनोमीटरचा लेसर लागतोच. तो नसेल तर चकाकणारा आयनही ३डी-३/२ पातळीत अडकून विझतो.

फाय अवस्थांत दोन्ही आयन चकाकतात किंवा दोन्ही काळे असतात. साय अवस्थांत एक चकाकतो, एक काळा. अधिक-वजाचा फरक फेजमध्ये (अवस्थेच्या दोन घटकांच्या लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत त्यात) असतो आणि नुसती चमक मोजून तो कळत नाही. अवस्था पुन्हा पुन्हा तयार करता येत असेल, तर वाचनाआधी दोन्ही आयनांना पाय/२ स्पंद (क्यूबिटाची अवस्था पाव फेरी फिरवणारा लेसरचा झोत) देतात. साय-वजा त्याने बदलत नाही, साय-अधिक मात्र फाय प्रकारची होते. फायसाठी स्पंदाची फेज फिरवत जावे: सम (दोन्ही आयन सारखे) आणि विषम (दोन्ही वेगळे) निकालांतला फरक दुप्पट वेगाने आंदोलतो आणि आंदोलनाच्या सुरुवातीवरून चिन्ह कळते. न गुंफलेल्या साध्या मिश्रणात हा आलेख सपाट येतो.

एकच जोडी हाती असेल, तर गुंफणारी क्रिया उलटी चालवून चार अवस्था चार वेगळ्या निकालांवर आणाव्या लागतात. मोल्मर-सोरेन्सन गेट ही आयनांना लेसरने गुंफणारी क्रिया दोन्ही आयनांना सारखे वागवते, म्हणून साय जोडी फोडायला आधी एकाच आयनाची फेज बदलावी लागते. शिवाय कोणता आयन चकाकला हे कळायला कॅमेरा हवा. एका प्रकाशगुणकाला (फोटॉन मोजणाऱ्या नळीला) फक्त एकूण फोटॉन दिसतात. फोटॉनांवर केवळ रेषीय प्रकाशिकीने (आरसे, किरणविभाजक अशा साधनांनी) निम्म्याच वेळा यश येते, आयनांवर तत्त्वतः दर वेळी. २००४ साली इन्सब्रुक (ऑस्ट्रिया) आणि बोल्डर (अमेरिका) येथील टेलिपोर्टेशनचे, म्हणजे एका आयनाची अवस्था दुसऱ्यावर पोचवण्याचे, प्रयोग याच मोजणीवर उभे होते.

चुका बहुधा वाचनाआधीच होतात. चुंबकीय क्षेत्र हलले की फायची फेज काही मिलिसेकंदांत विस्कटते. सायमध्ये दोन्ही घटकांवर सारखाच परिणाम होत असल्याने ती डी पातळीच्या सुमारे १.२ सेकंद आयुर्मानाइतकी टिकू शकते. पण दोन आयनांपाशी क्षेत्र वेगळे असेल, तर साय-अधिक हळूहळू साय-वजात बदलत जाते आणि मोजणीची वेळ चुकली की चिन्हही चुकते. वाचन लांबवले तर डीमधला आयन मधेच एसमध्ये उतरून चकाकतो, आखडते घेतले तर फोटॉन कमी पडून चकाकता आयन काळा ठरतो.