जवाबाची तबकडी : उत्तरगीतांमागचा जुना वाद

सिंधुदुर्गात रात्र जागवून डबलबारीचा, म्हणजे दोन भजनी बुवांमधला सवाल-जवाबाचा सामना ऐकलेल्यांना उत्तरगीत म्हणजे काय हे सांगायला नको. समोरच्या बुवांनी गजरातून टोमणा हाणला की त्याचा हिशेब त्याच रात्री, त्याच मंडपात चुकता होतो. अमेरिकेतल्या ‘आन्सर साँग’चं तसं नाही. तिथे सवाल एका कंपनीच्या तबकडीवर, जवाब भलत्याच कंपनीच्या तबकडीवर, आणि बरेचदा दोघांच्या मध्ये वकील. सप्टेंबर 2024 मध्ये मायली सायरसच्या ‘फ्लॉवर्स’ या गाण्यावर, त्याने जुन्या गाण्यातून उचललं म्हणून, लॉस एंजेलिसच्या कोर्टात दावा लागला, तेव्हा अनेकांना तो नवलाचा वाटला. हा वाद मात्र निदान 1953 पासूनचा आहे.

त्याच्या मागे जायचं म्हटलं तर कितीही जाता येतं. एका मेंढपाळाने प्रेयसीला घातलेली गोड साद आणि तिने दिलेला कोरडा नकार, अशा दोन वेगळ्या कवींच्या कविता 1600 सालच्या एका इंग्रजी संग्रहात छापलेल्या आहेत. अमेरिकी गृहयुद्धात दक्षिणेची गाणी उत्तरेकडच्यांनी शब्द फिरवून परत पाठवली. पण या प्रकाराचा धंदा झाला तो ज्यूकबॉक्समुळे. गुत्त्यात, खानावळीत उभ्या असलेल्या त्या पेटीत नाणं टाकायचं, गाणं निवडायचं. एक गाणं लोकांच्या तोंडी बसलं की त्याचा जवाबही त्याच पेटीत जाऊन बसे, आणि मग नाणी दोन पडत.

1952 सालचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. बायको घर सोडून पुन्हा गुत्त्यांच्या झगमगाटात गेली, अशी त्यातल्या पुरुषाची रड. कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ते 15 आठवडे पहिलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात नॅशव्हिलमध्ये बत्तिशीतल्या एका गायिकेने त्याचा जवाब ध्वनिमुद्रित केला. तिला गाण्यापेक्षा नेमाने मिळणाऱ्या 125 डॉलरच्या बिदागीत जास्त रस होता म्हणतात. जवाबातली बाई ज्यूकबॉक्सवर वाजणारं तेच मूळ गाणं ऐकत बसलेली आहे आणि म्हणते, बायका बिघडतात त्या देवाने तशा घडवल्या म्हणून नव्हे. लग्न होऊनही स्वतःला सडाफटिंग समजणारे पुरुष त्याला कारण. एका रेडिओ जाळ्याने ते वाजवायला नकार दिला. तरीही ते पहिल्या क्रमांकावर गेलं. 1944 पासून निघणाऱ्या त्या यादीत एकट्या बाईचं गाणं तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. बाईच्या तबकड्या खपत नाहीत, हे कंपन्यांचं पाठांतर त्या उन्हाळ्यात चुकलं.

या दोन्ही गाण्यांची चाल एकच, आणि ती त्या दोघांपैकी कुणाचीच नव्हती. 1929 च्या एका प्रेमगीताची आणि 1936 च्या एका भक्तिगीताची चालही तीच. सवालच उसना असेल तर जवाबाकडे भाडं मागायचं कुणी?

पुढच्याच वर्षी ते मागितलं गेलं. ‘हाउंड डॉग’ हे गाणं तेव्हा एका कृष्णवर्णीय गायिकेचं होतं. दारात लोचटासारख्या घुटमळणाऱ्या ऐतखाऊ पुरुषाला ती त्यात हाकलून लावते. गाणं बाजारात येऊन काही आठवडे होतात न होतात तोच मेम्फिसच्या एका छोट्या कंपनीने ‘बेअर कॅट’ काढलं. गाणारा तिथलाच रेडिओ निवेदक. चाल तीच, ठेका तोच, फक्त कुत्र्याच्या जागी मांजर: तू मला कुत्रा म्हणतेस तर तू बोचकारणारी रानमांजर. गीतकार म्हणून लेबलवर कंपनीच्या मालकाने स्वतःचं नाव घातलं आणि वर कंसात छापलं, ‘हाउंड डॉगला उत्तर’.

माझ्या मते सगळा घोटाळा या कंसात आहे. ‘उत्तर’ या शब्दामुळे तबकडी खपली. कुणाला उत्तर आहे हे कळलं तरच गिऱ्हाईक ती घेणार. आणि त्याच शब्दामुळे, हे स्वतंत्र गाणं आहे असं म्हणायची वाट बंद झाली. मूळ गाण्याच्या प्रकाशकाने परवान्याचे पैसे मागितले, ते मिळाले नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं. निकाल प्रकाशकाच्या बाजूने लागला. मेम्फिसच्या कंपनीला रॉयल्टी भरावी लागली. चाल उचलली होती, तेव्हा कायद्याने हे बरोबरच म्हणायला हवं. पण असे जवाब तोवर ढिगाने निघत होते. निकालाने त्यांना वाणी आणि चाल यांतला फरक शिकवला: बोलायला कुणाची हरकत नाही, दुसऱ्याच्या सुरात बोलायचं तर पैसे मोजा. शाहिराला हे सांगून पाहा.

आणखी गंमत अशी की याच मेम्फिसच्या कंपनीने पुढे एका तरुण गायकाचा करार 1955 च्या अखेरीस विकून टाकला, आणि 1956 मध्ये त्याने दुसऱ्या कंपनीसाठी गायलं ते ‘हाउंड डॉग’च.

पुढची तीस वर्षं भरभर सांगता येतील. 1974 च्या ‘स्वीट होम अलाबामा’ने दक्षिणेला नावं ठेवणाऱ्या दोन गाण्यांना असं उत्तर दिलं की आज सवालापेक्षा जवाबच जास्त लोकांना पाठ आहे. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रॅप गटाने रोक्सान नावाच्या, भाव न देणाऱ्या मुलीवर गाणं केलं. क्वीन्सब्रिजच्या चाळवजा वसाहतीतल्या जेमतेम चौदा वर्षांच्या पोरीने रोक्सान होऊन त्यांना फाडून काढलं, तेही आधी त्यांच्याच ठेक्यावर. नंतर वकिली धाक आल्यावर ठेका बदलून. मूळ गटाने मग ‘खरी’ रोक्सान उभी केली. त्यापाठोपाठ रोक्सानची आई आली, डॉक्टर आला, रोक्सान पुरुषच आहे असं सांगणारे आले, आणि शेवटी ‘रोक्सान पुरे’ अशी विनवणी करणारी तबकडीही आली.

1994 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रिटी वुमन’ या गाण्याच्या विडंबनाच्या प्रकरणात एकमताने सांगितलं की पैसे कमावणारं विडंबनसुद्धा रास्त वापर, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर, ठरू शकतं, मात्र रोख मूळ कृतीवर हवा. नुसतं तिच्या खांद्यावर बसून तिसऱ्याची टर उडवणं वेगळं. उत्तरगीत विडंबन असेलच असं नाही, पण रोख मूळ गाण्यावर नसेल तर ते उत्तर कसलं? ‘बेअर कॅट’ला ही फट 41 वर्षं उशिरा मिळाली.

‘फ्लॉवर्स’च्या बाबतीत लेबलवर कंस नाही. जानेवारी 2023 मध्ये ते आलं तेव्हा 2012 च्या ‘व्हेन आय वॉज युअर मॅन’ला ते उत्तर आहे, हे ऐकणाऱ्यांनीच ओळखलं. तिथला पुरुष हळहळतो: फुलं आणायला हवी होती, हात धरायला हवा होता. इथली बाई म्हणते, ते मी माझं मला करू शकते. दावा लावला तो त्या पुरुषाच्या गायकाने नव्हे. एका सहगीतकाराचा हिस्सा विकत घेतलेल्या गुंतवणूक कंपनीने तो लावला. एकट्या हिस्सेदाराला असा दावा लावता येत नाही, हा बचाव मार्च 2025 मध्ये न्यायाधीशांनी फेटाळला आणि खटला पुढे चालू ठेवायला मोकळीक दिली.