ब्रिटनमध्ये अल्पकालीन ख्रिस्ती सेवा: कोणता व्हिसा, कोणते कागद आणि पोचल्यावर काय

ब्रिटनमधल्या एखाद्या मंडळीने काही महिन्यांसाठी सेवेला बोलावले की घरात आधी तिकिटाची आणि गरम कपड्यांची चर्चा सुरू होते. त्याआधी एक कागद घ्या आणि तिथे सोमवार ते रविवार तुम्ही नेमके काय करणार, ते लिहून काढा. उपदेश करणार, तरुणसंघ सांभाळणार, गरजूंसाठीच्या फूड बँकेत हात लावणार, की पाळकांच्या जागी उपासना चालवणार? व्हिसाचा प्रकार या उत्तरावर ठरतो, आणि तिथे गेल्यावर रोज काय करायची मुभा आहे हे त्या व्हिसावर ठरते. स्वस्त पडतो किंवा लवकर मिळतो म्हणून व्हिसा निवडलेले लोक तिथे पोचल्यावर अडकतात, म्हणून या भागावर जास्त वेळ द्या.

पर्याय मुख्यतः चार आहेत. पहिला साधा व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांपर्यंतचा. तुमची मूळ सेवा भारतात असेल आणि तिथे पाहुणे म्हणून उपदेश किंवा पाळकीय काम करायचे असेल, तर तो चालतो. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी स्वयंसेवाही करता येते, पण एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त नाही. एखादे पद घेऊन नियमित काम करणे यात बसत नाही. आमंत्रणपत्रात ‘बंधू सहा महिने आमच्या युवा विभागाची जबाबदारी सांभाळतील’ असे प्रेमाने लिहिलेले एक वाक्य अर्ज नामंजूर व्हायला पुरेसे ठरू शकते, कारण अधिकाऱ्याला त्यात नोकरी दिसते. पत्रात तारखा, कोणत्या सभांमध्ये बोलणार, खर्च कोण करणार आणि भारतातल्या कोणत्या सेवेवर परतणार एवढेच स्पष्ट असावे. आणि जे लिहिले आहे तेच तिथे करावे.

दुसरा चॅरिटी वर्कर व्हिसा, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. हे काम बिनपगारी असते आणि संस्थेच्या सेवाकार्याशी थेट जोडलेले असावे लागते. बेघरांसाठीचे जेवण, वृद्धांच्या भेटी, मुलांची सुट्टीतली शिबिरे अशी सेवा असेल तर हाच विचारात घ्या. तिसरा रिलिजस वर्कर व्हिसा, २४ महिन्यांपर्यंतचा. धार्मिक संघातली सेवा किंवा मंडळीतले पाळकीय नसलेले धार्मिक काम यांसाठी तो आहे. पण मंडळीचे नेतृत्व, म्हणजे मुख्य पाळक म्हणून उपासना चालवणे, २०१९ पासून यात बसत नाही. त्यासाठी चौथा, मिनिस्टर ऑफ रिलिजन हा वेगळा व्हिसा लागतो आणि त्याला इंग्रजीची बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरची, पातळी सिद्ध करावी लागते. उन्हाळ्यात तिथल्या फादरांच्या सुट्टीत धर्मग्राम सांभाळायला जाणाऱ्या धर्मगुरूंनी हा फरक आपल्या बिशप कार्यालयाकडून आधी तपासून घ्यावा.

दीक्षित सेवकांसाठी चर्चची स्वतःची परवानगी वेगळी असते. व्हिसा हातात आला म्हणजे वेदीपाशी उभे राहता येते असे नाही. सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, दीक्षित पाळकाला चर्च ऑफ इंग्लंडमध्ये विधी करायचे असतील तर १९६७ च्या कायद्यानुसार कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपांची लेखी परवानगी लागते. कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्या बिशपांचे ‘सेलेब्रेट’ पत्र, म्हणजे मिस्सा अर्पण करायची मुभा असल्याचे पत्र, सोबत ठेवावे.

चॅरिटी आणि रिलिजस वर्कर, दोन्हींसाठी वय १८ पूर्ण हवे आणि बोलावणारी संस्था ब्रिटिश गृहखात्याची परवानाधारक प्रायोजक हवी. या संस्थांची यादी सरकारी संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. तिथे नाव नसेल तर ती मंडळी कितीही मोठी असली तरी तुम्हाला या व्हिसावर बोलावू शकत नाही. हे पहिल्याच आठवड्यात बघा. संस्था तुमच्या नावे ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देते. ते छापील प्रमाणपत्र नसते, एक क्रमांक असतो आणि त्यामागे ऑनलाइन नोंद असते. त्या नोंदीत तुमचे काम, तास, मानधन, राहण्याची सोय आणि तारखा असतात. त्याची प्रत मागून घ्या आणि सुरुवातीला लिहिलेल्या कागदाशी शब्दन्‌शब्द ताडून बघा. संकोच करू नका, ‘पाळकसाहेबांना कसे विचारायचे’ म्हणून गप्प बसलात तर तिथे त्रास तुम्हालाच होईल.

अर्ज ऑनलाइन होतो. काम सुरू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून तो भरता येतो. मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात, म्हणजे व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात, बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. त्यानंतर निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

पैशांच्या पुराव्यात आपले लोक हमखास अडतात. १,२७० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, एक दिवसही खाली जाऊन चालत नाही. प्रायोजकाने पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी नोंदीत दिली असेल तर हा पुरावा लागत नाही, म्हणून ही हमी जरूर मागा. पतसंस्थेतली ठेव दाखवू नका. बँक नियामकाच्या देखरेखीखालची आणि तिच्या नोंदी संगणकीकृत असाव्या लागतात. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत पैसे आधीच हलवा, म्हणजे २८ दिवस मोजायला जागा राहील.

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर क्षयरोग तपासणी सक्तीची आहे. ती ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते, आपल्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने ग्राह्य असते. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचे शुल्क, हाही त्याच मुदतीच्या पुढे लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे, म्हणजे २४ महिन्यांसाठी २,०७० पौंड, आणि तो अर्जासोबत एकरकमी भरायचा असतो. हा भार कोण उचलणार, हे मंडळीशी बोलून लेखी ठरवा.

बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीचे शिफारसपत्र, पदवीचे कागद यांपैकी मराठीत जे असेल त्याचे इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतरकाराने अचूकतेची ग्वाही, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यायला हवा. दाखल्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे, असे आपल्याकडे पुष्कळदा असते. लग्नानंतरचे नाव किंवा राजपत्रातला बदल दाखवणारा कागद सोबत ठेवा. मुलांमध्ये किंवा वृद्धांमध्ये काम असेल तर पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स काढा. तिथल्या मंडळ्या पार्श्वभूमी तपासणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण झाल्याशिवाय रविवार शाळेच्या वर्गात पाऊल ठेवू देत नाहीत. हा तुमच्यावरचा अविश्वास नाही, त्या मुलांची काळजी आहे.

सामान भरताना पेढे, तूप, खवा, सुके मांस बाजूला ठेवा. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. मसाला, पापड, चिवडा चालतो. कढीपत्त्याची ताजी पानेही नेऊ नका. शाकाहारी असाल तर तसे आधीच कळवा, कोणाला राग येत नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात राहिल्या, तेव्हा त्यांनी अंडे घातलेले पुडिंगसुद्धा नाकारले होते.

पोचल्यावरचा पहिला आठवडा कागदांचाच असतो. व्हिसा आता ‘ई-व्हिसा’ असतो, म्हणून त्याचे ऑनलाइन खाते विमानात बसण्याआधी उघडून पाहा आणि त्यात सध्याच्या पासपोर्टचा क्रमांक आहे ना, ते तपासा. बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि तुमच्या नावे वीजबिल तर नसते. मंडळीच्या लेटरहेडवर राहण्याच्या पत्त्याचे पत्र घ्या आणि ते चालणारी बँक निवडा. जवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टरांकडे, लगेच नाव नोंदवा. त्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणाल तर तेव्हा धावपळ होते. दातांची कामे मात्र इथूनच उरकून जा, तिथे सरकारी दंतवैद्याची वेळ मिळणे अवघड असते. भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते.

डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. बहुतेकांचे मन खचते ते त्या काळात, थंडीपेक्षा अंधाराने. घरी फोन करायची वेळ ठरवून ठेवा. भारत हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार. उपासनेनंतर हॉलमध्ये चहा असतो, तो टाळून खोलीवर जाऊ नका. ओळखी तिथेच होतात, आणि पाळकांना नुसत्या नावाने हाक मारणारी माणसे तुम्हाला तिथेच भेटतील. बावचळू नका, तिथे आदर असाच दाखवतात. मराठी ऐकावेसे वाटले तर लंडनमध्ये १९३२ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे.

आणि मार्चचा शेवटचा रविवार कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. त्या पहाटे घड्याळे एक तास पुढे जातात, आणि भिंतीवरचे जुने घड्याळ पाहून निघणारा उपासना संपताना पोचतो.