मारुती ८००चं इंजिन आणि एकाच सीटची शर्यत

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका गॅरेजात परवा रविवारी संध्याकाळी मारुती ८००चं इंजिन खोललेलं होतं. जुन्या चादरीच्या तुकड्यावर तीन पिस्टन ओळीनं मांडलेले, काजळीनं काळे झालेले. शेजारी मोबाइलवर फॉर्म्युला वन, म्हणजे मोटारींची जगातली सगळ्यात वरची शर्यत, चालू होती. काम शिकणाऱ्या पोरानं हात पुसत विचारलं, "मामा, तिथवर जायचं म्हटल्यावर सुरुवात कुठनं करायची असतीय?"

प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर त्या तीन पिस्टनांशी जोडलेलं आहे.

'फॉर्म्युला' म्हणजे नियमांची चौकट. गाडीत एकच सीट, चाकं उघडी आणि इंजिन केवढं असावं याला ठरवून दिलेली मर्यादा. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला झाली, महायुद्धातल्या जुन्या विमानतळावर. अल्फा रोमिओ चालवणारा ज्युसेप्पे फरिना जिंकला आणि त्या वर्षीचा विजेताही तोच ठरला. तेव्हा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) असेल तर दीड लिटर, नसेल तर साडेचार लिटर इंजिन चालायचं. पुढं गाड्यांचा वेग वाढत गेला तशी ही मर्यादा बदलत गेली. १९६१ मध्ये वेग आवरायला ती दीड लिटरवर आणली, १९६६ मध्ये पुन्हा तीन लिटर केली. १९८९ पासून टर्बोवर (इंजिनातून सुटलेल्या वायूच्या जोरावर तशीच हवा कोंबणारा पंप) बंदी आली आणि २०१४ मध्ये टर्बो परत आला, १.६ लिटरच्या हायब्रिड, म्हणजे इंधनाला विजेची जोड असलेल्या, इंजिनात. म्हणजे आकारमानात मारुती ८००च्या इंजिनाच्या जेमतेम दुप्पट. ताकद मात्र हजार अश्वशक्तीच्या घरात, आणि आपल्या मारुतीची चाळिशीच्या आसपास.

पण पोरानं विचारलं होतं ते शिखराबद्दल नाही, पायथ्याबद्दल. तो पायथा बांधला गेला १९६७ मध्ये.

इंग्लंडच्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर ड्रायव्हिंग शिकवणारी एक शाळा होती. शिकाऊ पोरांच्या हाती खास शर्यतीची इंजिनं आणि टायर दिले की ते बघता बघता संपायचे आणि खर्च परवडायचा नाही. मग रस्त्यावरच्या फोर्ड कॉर्टिनाचं इंजिन आणि रस्त्यावरचेच टायर लावून बघितले. ते जमलं, आणि त्यातून 'फॉर्म्युला फोर्ड' उभी राहिली. पहिली शर्यत २ जुलै १९६७ ला झाली. तिचे नियम मला आजही शहाणपणाचे वाटतात. लोखंडी नळ्यांची चौकट, गाडीला पंख नाहीत, इंजिन सगळ्यांना एकसारखं आणि सुरुवातीला गाडीच्या किमतीलाही हजार पौंडांची मर्यादा. पैशानं जिंकायची वाट जमेल तितकी अरुंद करून ठेवली होती. पंख नसले की वळणावर गाडी जमिनीला दाबून धरणारं कुणी नसतं. ती पकड चालकाला हातापायांनी सांभाळावी लागते, आणि गाडी चालवणं तिथंच शिकलं जातं. पुढं फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला आयर्टन सेना १९८१ मध्ये ब्राझीलहून आला आणि इंग्लंडात याच गाडीत पहिल्यांदा बसला.

भारतात चेन्नईजवळ शोलावरमला महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. पण आपल्याकडं बनणारी, आपल्याला पेलणारी एकसारखी गाडी नव्हती. ती कोईम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी दिली. गिरणीवाल्या घराण्यातले हे गृहस्थ. सूत, बॉबिन आणि भोंग्याचा त्यांचा संसार सोलापूरकराला वेगळा सांगायला नको. १९८०च्या दशकाअखेरीस त्यांनी मारुतीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन चालकाच्या मागं बसवून 'फॉर्म्युला मारुती' तयार केली. कुठल्याही गावात सुटे भाग मिळतात आणि कुठल्याही मिस्त्रीला कळतं, असंच इंजिन त्यांनी निवडलं. माझ्या मते भारतीय मोटरस्पोर्टमधला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. कोईम्बतूरजवळ चेट्टिपाळयमचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे.

नारायण कार्तिकेयन आपली पहिली शर्यत फॉर्म्युला मारुतीतच धावला, श्रीपेरुंबुदूरला. २००५ मध्ये तो जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, पहिलाच भारतीय. त्याच वर्षी अमेरिकेत त्यानं चौथा क्रमांक मिळवला. टायर फुटतील या भीतीनं बाकीच्यांनी माघार घेतल्यानं त्या दिवशी सहाच गाड्या धावल्या होत्या हे खरं, पण ते गुण नोंदीत आहेत आणि ते त्याचे आहेत.

फॉर्म्युला मारुतीनंतर एलजीबी या कंपनीच्या नावाची 'एलजीबी फॉर्म्युला ४' आली. इंजिन पुन्हा मारुतीचंच, पण एस्टीम या मोठ्या मोटारीतलं, १३०० सीसीचं. राष्ट्रीय स्पर्धेत ती आजही शिडीची पहिली पायरी आहे.

३० ऑक्टोबर २०११ ला, दिवाळी संपता संपता, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली. ५.१२५ किलोमीटरची फेरी, अशा ६० फेऱ्या. आमच्या गल्लीत तीन घरचे लोक एका टीव्हीपुढं बसले होते आणि फराळाचा डबा हातोहात फिरत होता. त्या वर्षी सेबास्टियन फेटेल जिंकला, पुढची दोन वर्षंही तोच. नंतर करांच्या वादात शर्यत बंद पडली ती पुन्हा आली नाही. मला त्याची अजून हळहळ वाटते.

आता फॉर्म्युला वनसाठी सुपर लायसन्स, म्हणजे चालकाचा खास परवाना, लागतं. वय किमान १८ आणि खालच्या मालिकांतून तीन वर्षांत ४० गुण, अशी २०१६ पासूनची सर्वसाधारण अट आहे. एलजीबीहून वेगळ्या, आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या फॉर्म्युला ४ मध्ये १५व्या वर्षी उतरता येतं, आणि तिची भारतीय मालिका २०२३ पासून सुरू झाली आहे.

पोराला एवढं सगळं सांगितलं नाही. पिस्टनची रिंग दाखवून म्हटलं, असल्याच इंजिनावर सुरुवात केलेला एक गडी अमेरिकेत चौथा आला. त्यानं रिंग उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "कोईम्बतूरला गाडी आहे का हो आपल्याकडनं?"

आहे. कुर्ला-कोईम्बतूर एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते.