खरॅश समावेशन आणि एटीआरपी: क्रियाविधी एकच, मग फरक कोठे?

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखत देऊन आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने खरॅश समावेशन (अल्कीनच्या दुहेरी बंधावर हॅलोजनयुक्त रेणू जोडणे) आणि एटीआरपी (ॲटम ट्रान्सफर रॅडिकल पॉलिमरायझेशन, म्हणजे अशीच जोडणी पुन्हापुन्हा करून बहुवारिकाची साखळी वाढवणे) या दोन अभिक्रियांसाठी एकच क्रियाविधी, म्हणजे अभिक्रिया घडण्याच्या पायऱ्या, लिहून दिला होता आणि तिचे उत्तर चुकीचे ठरवण्यात आले. माझ्या मते ते चुकीचे नव्हते, अपुरे होते.

दोन्हींत एकसंयुजी तांबे कार्बन-हॅलोजन बंधातील हॅलोजन काढून घेते व स्वतः द्विसंयुजी होते. मोकळा झालेला मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) अल्कीनच्या दुहेरी बंधाशी जोडला जाऊन नवा कार्बन-कार्बन बंध तयार होतो, आणि त्यातून निर्माण झालेल्या मूलकाला तांबे हॅलोजन परत देते. फरक पडतो तो यानंतर.

रसायनज्ञ खरॅश यांनी १९४५ मध्ये पेरॉक्साइड वापरून १-ऑक्टीन या अल्कीनला कार्बन टेट्राक्लोराइड जोडले. वर सांगितलेल्या तांब्यासारख्या धातूंचे क्षार उत्प्रेरक म्हणून नंतर आले. या जोडणीतून मिळणाऱ्या १,१,१,३-टेट्राक्लोरोनोनेनमध्ये परत आलेला क्लोरीन साध्या द्वितीयक (दोन कार्बनांशी जोडलेल्या) कार्बनवर बसतो. तो बंध कार्बन टेट्राक्लोराइडमधल्या बंधापेक्षा बळकट असल्यामुळे तांब्याला सहजी तुटत नाही आणि काम एका जोडणीवर थांबते.

एटीआरपीसाठी मात्याशेव्स्की व वांग यांनी १९९५ मध्ये स्टायरीन या अल्कीनबरोबर साखळी सुरू करणारा आरंभक म्हणून १-फिनाइलएथिल क्लोराइड घेतले, आणि सारी मेख या निवडीत आहे. एक स्टायरीन जोडल्यावरही टोकाचा क्लोरीन बेंझीन वलयाशेजारच्या कार्बनवरच असतो, म्हणजे सुरुवातीला होता तसाच बंध पुन्हा हाती येतो. तांबे तो पुन्हा उघडते, पुन्हा मिटते. एका आरंभकामागे १०० स्टायरीन घेतले व ते सगळे संपले, तर साखळीत सरासरी सुमारे १०० एकके येतात.

आमच्याकडे पावसाळ्यात बाटलीचे झाकण सैल राहिले, तर क्युप्रस क्लोराइडची, म्हणजे एकसंयुजी तांब्याच्या क्षाराची, पांढरी पूड द्विसंयुजी होऊन हिरवट पडते. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात आमसुलाचे सार कळकते, त्यामागेही हवेतला ऑक्सिजनच असतो. म्हणून ती पूड ॲसिटिक आम्लाने व नंतर इथेनॉलने धुऊन, निर्वातात सुकवून, नायट्रोजनखाली वापरावी. मात्र द्विसंयुजी तांबे म्हणजे निव्वळ बिघाड, असे समजू नये. एटीआरपीत तेच मूलकाला वेळेवर क्लोरीन परत देऊन बहुतेक साखळ्या सुप्त ठेवते, त्यामुळे दोन मूलक एकमेकांना भिडून साखळी कायमची संपण्याचे प्रसंग कमी होतात आणि साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या वाढतात.