२१ दिवसांत सवय लागते? नाही

‘सलग २१ दिवस केलं की सवय लागते’ या समजाने एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं अशी मेंदूची स्थिती) असलेल्या प्रौढांचं फार नुकसान केलंय. सवयीच्या तक्त्यावर नवव्या दिवशी एक चौकोन रिकामा राहतो आणि अख्खा तक्ताच खणात जातो.

बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० मध्ये मांडलं होतं. सांगोवांगी त्याची हमी झाली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय लागायला सरासरी ६६ दिवस निघाले. पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरकही पडला नाही. हा अभ्यास खास एडीएचडीवरचा नव्हता, पण साखळी तुटली की सगळं संपलं, याला त्यातही आधार नाही.

एडीएचडीत नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवू नये. खूण डोळ्यांसमोर हवी: गोळ्यांची डबी टूथब्रशशेजारी, तक्ता दाराच्या आतल्या बाजूला आणि त्यावर एकच सवय. सलग किती दिवस झाले ते मोजू नका, महिन्यात एकूण किती झाले ते मोजा. तक्त्याचा कंटाळा आला तर रंग, जागा, पद्धत खुशाल बदला. नवेपणा ओसरला की लक्ष उडतं. तो आळस नव्हे.