सहलीच्या पैशांवरचा बट्टा

तिकिटं निघाली, व्हिसा आला, की परदेशी सहलीचं एक काम हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं: चलन घेणं. काउंटरवरच्या फलकावर प्रत्येक चलनासमोर दोन आकडे असतात, एक खरेदीचा आणि एक विक्रीचा. या दोन आकड्यांतल्या अंतरातून चलन बदलून देणाऱ्याची कमाई होते. मराठीला ही गोष्ट फार जुनी आहे. नाणं बदलून देताना जी रक्कम कापली जायची तिला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागणं’ त्यातूनच आलं. सराफ हासुद्धा मुळात नाणी पारखून बदलून देणारा, दागिन्यांशी त्याचं नाव नंतर घट्ट झालं.

नाणी सोन्याचांदीची होती तेव्हा परकं नाणं बदलणं म्हणजे धातू जोखणं. इटलीतल्या शहरांत नाणी बदलून देणारे लोक बाकावर बसून व्यवहार करत. त्या बाकाला ‘बांका’ म्हणत आणि बँक हा शब्द तिथून निघाला. वाटेत लुटलं जाण्याची भीती होतीच, म्हणून व्यापाऱ्यांनी हुंडी काढली: इथे पैसे भरा, तिथल्या पेढीवर तिथल्या नाण्यात घ्या. पण हुंडीसाठी दोन्हीकडे ओळखीची पेढी लागते. केवळ देश बघायला निघालेल्या माणसाला प्रत्येक मुक्कामी अशी पेढी कुठून मिळणार?

ही अडचण लंडनचे बँकर रॉबर्ट हेरीस यांनी ओळखली. 1770 च्या सुमारास त्यांनी ठरावीक रकमेच्या चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. युरोपातल्या अनेक शहरांतले त्यांचे अडते त्या वटवून देत. पुढे शतकभर श्रीमंत प्रवासी बँकेचं पतपत्र घेऊन फिरत. पत्रावर कमाल रक्कम लिहिलेली असे, आणि जिथे पैसे काढाल तिथली बँक त्यावर नोंद करी. मोठ्या शहरांबाहेर या पत्राला कोणी विचारत नसे. अमेरिकन एक्सप्रेस या कंपनीचे अध्यक्ष जेम्स फार्गो यांना युरोपच्या दौऱ्यात हा अनुभव आला. परत आल्यावर त्यांनी मार्सेलस बेरी या कर्मचाऱ्याकडे उपाय मागितला. 1891 मध्ये आलेला ट्रॅव्हलर्स चेक हा तो उपाय.

बेरींची युक्ती इतकी साधी की तिचं अजूनही नवल वाटतं. विकत घेताना एक सही करायची, वटवताना समोरच्याच्या देखत दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे मिळाले. ओळखपत्र नको, पेढीची ओळख नको, आणि चेक हरवला तर रक्कम परत. चेक वटेपर्यंत प्रवाशाचा पैसा कंपनीकडे राहायचा, त्यावरचं उत्पन्न ही तिची मिळकत. ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा हजारो अमेरिकन पर्यटक युरोपात अडकले. बँकांनी दारं लावली, पतपत्रं निरुपयोगी झाली. शेवटी अमेरिकी सरकारला ‘टेनेसी’ या युद्धनौकेतून त्यांच्यासाठी सोनं पाठवावं लागलं. आपल्या खात्यात पैसे असूनही परक्या गावात ते हाती न येणं काय असतं, हे तेव्हा एका अख्ख्या पिढीने पाहिलं.

इथपर्यंतचा प्रश्न ‘तिकडे माझा पैसा कोण घेईल’ एवढाच होता. 1930 च्या दशकात दुसरा प्रश्न उभा राहिला: तो बाहेर न्यायला माझं सरकार परवानगी देईल का? माझ्या मते या इतिहासाचा गाभा हाच आहे, आणि नेमका तोच विसरला गेला आहे. आज काउंटरवर पासपोर्ट मागतात, फॉर्म भरायला लावतात, वर्षाची मर्यादा सांगतात. बहुतेक प्रवासी याकडे कटकट म्हणून बघतात, पण या सवयीचं मूळ परकीय चलनाच्या रेशनिंगमध्ये आहे. जर्मनीने 1931 मध्ये चलन नियंत्रण आणलं. 1933 मध्ये हिटलर सरकारने ऑस्ट्रियाला जाणाऱ्या जर्मनांवर 1,000 मार्कांचं शुल्क बसवलं. शेजारी देशाच्या पर्यटनाचा गळा आवळणं हा त्याचा उघड हेतू होता.

ब्रिटनमध्ये 1939 मध्ये आलेली नियंत्रणं युद्धानंतरही उठली नाहीत. 1947 च्या चलनसंकटात तर सहलीसाठीचं परकीय चलन काही काळ पूर्ण बंद झालं. पुढे मर्यादा वरखाली होत राहिली. 1966 मध्ये ती माणशी वर्षाला 50 पौंडांवर आली आणि 1970 उजाडेपर्यंत तशीच राहिली. घेतलेल्या चलनाची नोंद पासपोर्टच्या मागच्या पानांवर होई. मर्यादा स्टर्लिंग क्षेत्राबाहेरच्या, म्हणजे पौंडाशी चलन बांधलेल्या देशांच्या गटाबाहेरच्या, देशांसाठी होती, त्यामुळे क्षेत्रात असलेल्या माल्टाकडे ब्रिटिश पर्यटकांची रीघ लागली. कुठला समुद्रकिनारा गाठायचा हेही अशा रीतीने चलनाच्या नियमाने ठरवलं. ही नियंत्रणं ऑक्टोबर 1979 मध्ये संपली.

फ्रान्सची गोष्ट त्याहून अलीकडची. मार्च 1983 मध्ये मित्तराँ सरकारने फ्रँक सावरण्यासाठी प्रत्येक प्रौढ प्रवाशाला वर्षाला 2,000 फ्रँकची मर्यादा घातली. त्यासाठी वेगळी चलनवही काढली आणि पर्यटकांना परदेशात क्रेडिट कार्ड वापरायलाही मनाई केली. लोक चिडले, आणि वर्ष संपता संपता नियम मागे घेतला गेला.

उलट दिशेचं बंधनही होतं. पूर्व जर्मनीत येणाऱ्या पाश्चात्त्य पाहुण्याला रोज ठरावीक पश्चिमी मार्क एकास एक दराने बदलणं सक्तीचं होतं. 1980 मध्ये ही रक्कम 25 मार्क झाली. उरलेले पूर्व जर्मन मार्क देशाबाहेर नेता येत नसत. आईवडिलांना भेटायला आलेल्या मुलालाही ही रक्कम भरावीच लागे.

दराची धास्ती मात्र 1971 पर्यंत कमी होती. 1944 च्या ब्रेटन वुड्स करारामुळे बहुतेक दर डॉलरशी आणि डॉलर सोन्याशी बांधलेला होता. 15 ऑगस्ट 1971 च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी ती सोन्याची गाठ सोडली. युरोपातले चलनबाजार आठवडाभर बंद राहिले आणि डॉलर घेऊन हिंडणाऱ्या पर्यटकांना हॉटेलांचे काउंटर नकार देऊ लागले. 1973 पासून प्रमुख चलनं तरंगती झाली, म्हणजे त्यांचे दर बाजारात ठरू लागले. चलन आज घ्यावं की आठवडाभर थांबावं, ही आपल्याला नेहमीची वाटणारी घालमेल तेव्हापासूनची आहे.

नंतरचा भाग झपाट्याने घडला. एटीएमची जाळी देशांच्या सीमा ओलांडून जोडली गेली आणि ट्रॅव्हलर्स चेक मागे पडला. 1 जानेवारी 2002 ला 12 देशांत युरोच्या नोटा आल्या. एका सहलीत चार वेळा चलन बदलणारा प्रवासी त्या टापूत दिसेनासा झाला.

बट्टा मात्र टिकला, फक्त त्याची जागा बदलली. परदेशात कार्ड देताच यंत्राच्या पडद्यावर प्रश्न येतो: रक्कम तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का? हो म्हटलं तर दर कार्ड कंपनीचा लागत नाही, दुकानाला ही सेवा पुरवणाऱ्याचा लागतो, आणि तो बहुधा महाग असतो. स्थानिक चलन निवडण्याचं बटण तिथेच शेजारी असतं.